पुस्तक मिटून सांग!

बोर्डाची परीक्षा जवळ आली की इतिहासाच्या पुस्तकाची पानं पिवळी, गुलाबी, पोपटी होऊ लागतात. हायलायटर फिरतो, धडा तिसऱ्यांदा वाचून होतो आणि ‘झालं पाठ’ असं वाटतं. ते समाधान फसवं असतं. वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, पण कोऱ्या उत्तरपत्रिकेवर तो उतरेलच असं नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली हे पडताळून पाहिलं. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चारही सत्रं तो वाचण्यात घालवली. दुसऱ्याने एक सत्र वाचून उरलेल्या तिन्ही सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने मात्र पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे ‘आपल्याला चांगलं आठवेल’ अशी जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती.

विसरण्याचा वेग जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडला होता, तोही स्वतःवरच प्रयोग करून. निरर्थक अक्षरांच्या याद्या ते पाठ करत आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, ते मोजत. तासाभरात निम्म्याहून अधिक फायदा गेलेला असे. पुढची घसरण संथ. धड्याला अर्थ असतो, त्यामुळे तो इतक्या लवकर पुसला जात नाही. तरीही पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे.

मराठी घरांत हे काम परवचा करत असे. दिवेलागणीला पाढे म्हणायचे, तेही रोज. आजोबा मध्येच अडवून विचारत, “सतरा आठे?” पहिल्यापासून म्हणत जायची सोय नाही; थेट एकशे छत्तीस! घोकंपट्टी म्हणून आपण त्याला नावं ठेवली. अर्थ न समजता केलेल्या पाठांतराबद्दल ती रास्तच होती, पण रोजच्या विचारणीलाही आपण त्याबरोबर निरोप दिला, हे चुकलं.

ती विचारणी एकट्यालाही करता येते. सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने १९७२ मध्ये जर्मन पुस्तकात सांगितलेली युक्ती बुटांच्या खोक्यातही जमते. खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करायचे. कार्डाच्या एका बाजूला ‘छोडो भारत ठराव कुठे, कधी?’, मागे ‘गवालिया टँक मैदान, मुंबई, ८ ऑगस्ट १९४२’. उत्तर बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज काढायचा, पुढचे क्रमाक्रमाने अधिक दिवसांनी. जे येतं त्यावर वेळ जात नाही, जे अडतं ते रोज समोर येतं.

पालकांनी ‘अभ्यास झाला का?’ विचारणं आता थांबवावं. त्याऐवजी संध्याकाळी दहा मिनिटं काढावीत आणि म्हणावं, “पुस्तक मिट आणि आजचा धडा मला सांग.”