जंत ओळखल्याशिवाय गोळी कशावर?

जंत कोणता हे शोधत बसण्याची गरज नाही, घरातल्या सर्वांनी सहा महिन्यांनी एक गोळी चघळली की काम झाले, असा निकाल एका आरोग्यविषयक सदरलेखकाने देऊन टाकला आहे. निदानही त्याने घरच्या घरी उरकले आहे: मूल झोपेत दात खाते, गालावर पांढुरके डाग आहेत, गोड मागते, म्हणजे पोटात जंत. यातले एकही लक्षण जंताची ओळख पटवत नाही. निरोगी मुलेही दात खातात, तसे डाग बहुधा कोरड्या त्वचेचे असतात, आणि गोलकृमीची अंडी गुळातून येत नाहीत, विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून आणि न धुतलेल्या हातांतून येतात.

या यादीवर विसंबणाऱ्याच्या हातून नेमका अंकुशकृमी निसटतो, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे. जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा हा कृमी शौचात सहसा दिसत नाही. लहान आतड्याच्या अस्तराला तो चिकटतो आणि रक्त पितो. त्याची नेकेटर ही जात दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घालवते, अँकिलोस्टोमा त्याच्या पाचपट. पोटात अँकिलोस्टोमा शंभर असतील, तर रोज पंधरा मिलिलिटर रक्त जाते आणि त्याबरोबर लोहही. आल्प्समधला सेंट गॉटहार्ड बोगदा खणणारे मजूर १८८० च्या सुमारास असेच पांढरेफटक पडून खंगत होते. कारण सापडले ते या कृमीत. याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, हे कैरोत कृमितज्ज्ञ लूस यांनी १८९८ मध्ये ओळखले. आज चिखलात अनवाणी राबणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन उतरले की तिच्या हाती लोहाच्या गोळ्या पडतात. रक्त जाते कुठे, हे मात्र कोणी पाहत नाही. ती दातही खात नाही आणि गोडही मागत नाही; सदरलेखकाच्या लेखी ती ठणठणीत!

शासन १० फेब्रुवारीला मुलांना सरसकट गोळी देतेच ना, असे विचारले जाईल. देते, आणि ते योग्यच आहे. पण कोणत्या भागात सरसकट गोळी द्यायची, हे विष्ठेच्या नमुन्यांतली अंडी पाहूनच ठरते. शिवाय ती मोहीम मातीतून पसरणाऱ्या कृमींपुरती आहे. पिनकृमीची अंडी विष्ठेत क्वचितच सापडतात, ती सकाळी गुदद्वाराशी चिकटपट्टी लावून पाहावी लागतात. विदर्भातल्या हत्तीरोगाचे जंतू रक्तात रात्री उतरतात, म्हणून नमुनाही रात्रीच घ्यावा लागतो. डुकरातल्या पट्टकृमीची अंडी भाजीतून शाकाहाऱ्याच्याही पोटात जातात, त्यांच्या अळ्या मेंदूत घर करतात आणि फेफरे येते. अशा रोग्याला न तपासता दिलेले जंतनाशक झटका आणू शकते.

ओळखीचे मोल नारूने दाखवले आहे. त्यावर ना गुणकारी औषध होते, ना लस. पाण्यातल्या सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवातून तो पोटात जातो आणि वर्षभराने पायातून बाहेर पडतो, एवढे कळले होते. पाणी गाळले, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप आले. १९९६ नंतर देशात नारूचा रोगी सापडला नाही. अंकुशकृमी ओळखण्याचे साधनही हाताशी आहे: मलेरिया आणि क्षयासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सूक्ष्मदर्शक आहेच. रक्तक्षयाच्या प्रत्येक रुग्णाच्या विष्ठेची काच त्याच्याखाली त्याच सकाळी ठेवावी, आणि अंडी दिसली तर जंतनाशक व लोह दोन्ही द्यावे.