घटस्फोटितेस आश्रय कोठे?

घटस्फोटाचा हुकूमनामा हाती आला की स्त्री मोकळी झाली, असे कायदा मानतो. आपल्या वस्त्यांत मात्र त्याच दिवसापासून तिचे नवे हाल सुरू होतात. सासरकडून धमक्या येतात. माहेरी भाऊ दार लोटून घेतात. कधी धमकावणारे माहेरचेच असतात. धाकटीचे लग्न अडेल, ही भीती आईलाही गप्प बसविते. आणि आपण समाजातील जाणती मंडळी काय करतो? बैठक भरवून तडजोड सुचवितो, नाहीतर घाईने दुसरे स्थळ पाहतो. तिने आजची रात्र कोठे काढावी, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारीत नाही. तो पहिला असावयास हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

थेरीगाथेतील इसिदासी ही उज्जयिनीच्या श्रेष्ठीची कन्या. साकेतच्या पहिल्या पतीने तिचा काही अपराध नसता तिला परत पाठविले. प्रेमळ पित्याने दुसरे घर पाहिले, मग तिसरे. सर्वत्र तेच घडले. लग्नावाचून लेकीला दुसरा आश्रय असू शकतो, हे त्या भल्या गृहस्थास सुचलेच नाही. भिक्षुणी जिनदत्ता दारी आली, तेव्हा तो मार्ग इसिदासीनेच शोधला.

मुंबईच्या रखमाबाईंना १८८७ साली न्यायालयाने पतीकडे जा, अन्यथा सहा महिने तुरुंग, असे फर्माविले. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढे तडजोड झाली. १८८९ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. पतीकडे जाण्यास त्यांनी प्रथम नकार दिला, तेव्हा सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या पाठीशी होते. अशी माहेरे आजही मोजकीच.

हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाचा हक्क दिला. तो बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार पीडितेने वा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने मागणी केल्यास निवारागृहाच्या प्रमुखाने आश्रय दिलाच पाहिजे. एका छपराखाली राहिलेल्या बापभावांचा जाचही या कायद्याच्या कक्षेत येतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

निवारागृह हा तात्पुरता आधार. सोलापुरातील महिला विडी कामगारांनी सहकारी संस्था काढून कुंभारी येथे दहा हजार घरकुले उभी केली, ती वाट आम्हांस अधिक भरवशाची वाटते. स्वतःच्या नावावर घर असलेल्या बाईस ‘निघ येथून’ असे कोण म्हणेल?

शाळेकडूनही आमची अपेक्षा आहे. मुलाचा ताबा न्यायालयाने आईकडे दिला असेल, तर वसतिगृहाच्या प्रवेशअर्जावर तिची एकटीची सही पुरेशी मानावी. मूल भेटीस वा सुटीस कोणाच्या स्वाधीन करावयाचे, ते तिच्याकडून लिहून घ्यावे आणि तिचा पत्ता कोणासही सांगू नये. वकिली करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक रविवार अशा मातांसाठी राखून ठेवावा. या वर्षीच्या प्रवेशापासूनच हे सुरू व्हावे.