वाडीची शाळा वाडीतच हवी

वीसच्या आत पट असलेल्या शाळा चालवणं परवडत नाही, हे इतक्या वेळा सांगितलं गेलंय की लोकांना ते खरं वाटू लागलं आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा जवळच्या शाळांत मिसळायला घेतल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करणाऱ्या 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा १४,७८३ होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं शिकत होती. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात याचा अर्थ काय होईल, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. नांदूरघाटसारख्या मोठ्या गावात एक भरगच्च शाळा उभी राहील आणि भोवतीच्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांना कुलपं लागतील.

पट घटला म्हणजे गावाला शाळेची गरज उरली नाही, असा हिशेब मांडला जातो. बीड जिल्ह्यात तो साफ चुकीचा आहे. इथे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला मुकादमाच्या टोळ्या निघतात. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रकमध्ये भांडी, अंथरुणं, धान्याची पोती आणि त्यांच्यामध्ये दाटीवाटीने बसलेली पोरं. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, फडाजवळच्या कोपीत. तिथे थोरली पोर धाकट्याला सांभाळते, आईबरोबर वाढे बांधते. हजेरीपटावर ती 'सतत गैरहजर'.

जी मुलं गावात राहतात ती आजीमुळे आणि शाळेमुळे. शाळा हाकेच्या अंतरावर आहे, दुपारची खिचडी मिळते, हंगामी वसतिगृह सुरू झालं तर दोन वेळचं जेवणही होतं. एवढ्याच भरवशावर आई पोटचं पोर मागे ठेवून जाते. ही वसतिगृहं गावातल्या शाळेच्या आधारानेच चालतात, म्हणजे शाळेबरोबर तीही जाणार. गुडघे धरलेली म्हातारी सहा वर्षांच्या नातवाला रोज तीन किलोमीटर सोडायला जाऊ शकत नाही. ते पोर ट्रकमध्येच बसेल. उद्या मोठ्या शाळेचा पट घसरला की तिच्यावरही हीच वेळ येईल.

गाडीची सोय करू, हे दुसरं उत्तर. एसटीचा संप २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. नेमका ऊसतोडीचा हंगाम. ज्या मुलाचं शिक्षण गाडीवर टांगलेलं असतं, त्याचं अशा वेळी काय होतं? शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं लिहिलंय, ते उगाच नव्हे. मुलींच्या बाबतीत तर शाळा सुटायला अंतर हेच कारण पुरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. अशा जिल्ह्यात मुलीची शाळा लांब नेणं म्हणजे तिचं लग्न जवळ आणणं.

तिसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. चार-पाच पोरांच्या वर्गात खेळ रंगत नाही, स्पर्धा नसते, आणि एकच गुरुजी चार इयत्ता, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती यांत पिचतो. हे खरं आहे. पण त्यावर उपाय कुलूप नव्हे. केंद्रशाळा आपल्याकडे आहेतच. आठवड्यातून एक दिवस आसपासच्या वस्त्यांची पोरं तिथे एकत्र आणा, कबड्डी खेळू द्या, प्रयोग करू द्या. चित्रकलेचा, इंग्रजीचा शिक्षक वस्त्यांवर फिरता ठेवा. मोटरसायकलवर एक माणूस फिरणं सोपं, की वीस लेकरं? आणि लहान वस्तीची शाळा म्हणजे कमकुवत शाळा, असंही नाही. पाटोदा तालुक्यातली जरेवाडी ही ऊसतोड मजुरांची वस्ती. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत आज दुसऱ्या गावांहून मुलं येतात.

चीनने २००१ पासून खेड्यांतल्या शाळा धडाधड एकत्र केल्या. लांबचं अंतर, लहान वयातली वसतिगृहं आणि गळती यांचे चटके बसल्यावर २०१२ मध्ये त्यांच्या सरकारलाच हा सपाटा थांबवावा लागला. ती ठेच आपण नव्याने खायची गरज नाही.

२०२३ मध्ये प्रस्तावांसाठी १५ ऑक्टोबरची मुदत होती, म्हणजे टोळ्यांची बांधाबांध चालू असण्याचे दिवस. ज्यांच्या लेकरांची शाळा जाणार, त्यांना तोंड उघडायलाही उसंत नाही. पुढे कुठल्याही वस्तीवरच्या शाळेचा निर्णय घ्यायचाच असेल, तर ग्रामसभा मे-जूनमध्ये बोलवा. तेव्हा कोयते घरी आलेले असतात. आईबापांच्या समोर तो ठराव मांडा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर शाळेला हात लावू नका.