प्लॉट आपला, कचरा कुणाचा?

नागपुरी माणसाची श्रीमंती मोजायची असेल तर बँक बॅलन्स विचारू नका. 'प्लॉट किती आहेत?' एवढंच विचारा. पहिलं इन्क्रिमेंट हातात पडलं की पुण्याची पोरं बाइक बदलतात. आपली पोरं रविवारी सकाळी तर्री-पोहे हाणतात आणि ब्रोकरच्या गाडीत बसून लेआउट बघायला निघतात. दीड हजार स्क्वेअर फूट, मुरुमाचा रस्ता, चार कोपऱ्यांना चार दगड. मग रजिस्ट्री, पेढे, आणि त्यानंतर सात-आठ वर्षं त्या जागेकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

म्हणजे मालक बघत नाही. बाकी सगळ्यांचं लक्ष असतं. मागच्या गल्लीत कुणी बाथरूम नवं करतो आणि जुन्याचा मलबा रात्री ट्रॉलीतून तिथे येऊन पडतो. त्यावर कुणाच्या तरी वास्तुशांतीच्या पत्रावळी, थर्माकोल, फाटकी गादी. पावसाळ्यात डबकं आणि डास. वर्षभरात लोक पत्ता सांगायला लागतात, 'तो कचऱ्याचा प्लॉट आहे ना, तिथून डावीकडे.'

माझ्या एका मित्राचं असंच झालं. साहेब हिंजवडीत, प्लॉट इथे. शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि नोटीस साहेबांच्या नावाने निघाली. फोनवर नुसता भडकलेला. 'मी कागदाचा कपटाही टाकला नाही बे! ज्यानं टाकला त्याला पकडा ना. आणि जागा माझी आहे, माझं मी बघून घेईन!'

यातल्या पहिल्या मुद्द्यात दम आहे. २०१६ साली आलेल्या घनकचऱ्याच्या आणि बांधकाम मलब्याच्याही नियमांनी जबाबदारी टाकली ती कचरा निर्माण करणाऱ्यावर. पण रात्रीची ट्रॉली सापडत नाही आणि रजिस्ट्रीवरचं नाव सापडतं, म्हणून नोटीस नाववाल्याला. माझ्या मते हा आळशीपणा आहे. मात्र 'जागा माझी आहे' हे दुसरं वाक्य कोर्टात म्हणायला जाऊ नका. ते तिथे कधीच मोडीत निघालंय.

उदयपूरजवळच्या बिछडी गावाची केस बघा. १९८८-८९ मध्ये तिथल्या कारखान्यांनी रंगांच्या उद्योगात लागणारं एच-ॲसिड बनवलं, ३७५ टन. त्यातून तब्बल २,४४० टन विषारी गाळ निघाला. तो त्यांनी आवारात आणि आसपास उघड्यावर टाकला. पावसाचं पाणी गाळातून जमिनीत मुरलं आणि गावच्या विहिरी लालसर-तपकिरी झाल्या. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून पाहणी करून अहवाल कुणी दिला? आपल्या नागपूरच्या नीरीने! १३ फेब्रुवारी १९९६ ला निकाल लागला. धोकादायक उद्योगातून इतरांचं नुकसान झालं तर उद्योगाने काळजी घेतली होती की नाही हा प्रश्नच येत नाही, भरपाई द्यायचीच, आणि माती-पाणी पुन्हा साफ करण्याचा खर्चही त्यांचाच. कंपनीने पुढे अर्जांवर अर्ज करून वेळ काढला. शेवटी जुलै २०११ मध्ये कोर्टाने ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपयांवर नोव्हेंबर १९९७ पासूनचं १२ टक्के चक्रवाढ व्याज लावलं. होम लोनवाल्यांनो, चक्रवाढ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, ते केमिकलवाले, आपण साधे ईएमआयवाले. बरं, मग मुंबई हायकोर्टाचा ६ ऑक्टोबर २००५ चा आदेश घ्या. खारफुटीत आणि तिच्या भोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकामही नको आणि कचरा-मलबाही नको, मग जमिनीची मालकी कुणाचीही असो! तेव्हाही खासगी जमीनवाले होतेच. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने अंतिम निकाल देताना हे संरक्षण कायम ठेवलं. आता नागपुरात कुठली आलीय खारफुटी? पण नाले आहेत ना. नाल्याकाठचा प्लॉट मलब्याने 'भरून घेणं' हा आपल्याकडे जवळजवळ गृहउद्योग झालाय. पाण्याची वाट अडली की काय होतं हे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी लेआउटवाल्यांनी घरात पाणी शिरल्यावर पाहिलं. त्यानंतर पूरग्रस्त रहिवासी थेट नागपूर खंडपीठात गेले.

वैतागून ढिगाला काडी लावायचा विचार असेल तर तोही सोडा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार रुपये दंड ठरवून दिला. शिवाय पर्यावरण संरक्षण कायद्यातली पाच वर्षांच्या कैदेची शिक्षा १ एप्रिल २०२४ पासून गेली, त्या जागी १० हजार ते १५ लाखांचा दंड आला. काहींना हे सौम्य वाटतं. मला नाही वाटत. कैद सहसा कागदावरच राहायची, पैसे मात्र खरंच कापले जाऊ शकतात.

मित्राला मी एवढंच म्हटलं, भांडण नंतर कर, आधी ढीग उचल. तीन ट्रॉल्या भरल्या. मग चारी बाजूंनी पत्रे ठोकले, नाव-नंबरचा बोर्ड लावला. शेजारच्या काकूंना आता तो दिवाळीला न चुकता फराळ पाठवतो. मागच्याच महिन्यात रात्री साडेअकराला काकूंनी त्याला फोटो पाठवला. पत्र्याला लागून उभी असलेली ट्रॉली, आणि ट्रॅक्टरचा नंबर अगदी स्पष्ट. या वेळची तक्रार त्याने स्वतः केली, नंबरासकट.