गळ्याची पेटी करू नका!

भंडाऱ्यात मे महिन्यात घरी गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे कूलर बंद, खिडक्या बंद, घामाच्या धारा. (पुण्यावाल्यांनो, हसा!) एवढं सोसून गिटारवर 'याड लागलं' गायचं, आणि मिक्सिंगला बसल्यावर पहिलं काय? ऑटोट्यून! कशाला बाप्पा? 1997 सालचं हे सॉफ्टवेअर सूर जवळच्या ठरलेल्या स्वरावर ओढतं. जोरात लावलं की मींडेच्या पायऱ्या होतात. मींड निघत नाही, हे एक कारण सांगून आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली होती. ती सैल व्हायला 1971 उजाडलं. आणि आपण हौसेनं स्वतःच्या गळ्याचीच पेटी करतोय! ओळ बेसूर गेली तर पुन्हा गा ना. मूळ गाणं लोकांना पाठच आहे, त्यांना तुमचा आवाज ऐकायचाय. आणि हो, रिव्हर्बही बेतानं... शब्द बुडतात राव.