सवलत नको, रॅम्प हवा

संविधानाचे कलम १५(२) आपल्याला विहिरी-तलावांसाठी आठवते. पण त्याच कलमात सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही आहेत. करमणूक ही चैन नाही, बरोबरीच्या नागरिकत्वाचा भाग आहे, म्हणूनच ती तिथे आहे.

त्या कलमात अपंगत्वाचा उल्लेख नाही. ती उणीव २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने भरली. या कायद्यात करमणुकीची खासगी इमारतही 'सार्वजनिक इमारत' ठरते. जुन्या इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम ऐच्छिक नव्हे, बंधनकारक हवेत असे बजावले.

आणि वास्तव? वस्तीतल्या मुलांबरोबर आम्ही एका थीम पार्कला गेलो. हाताने व्हीलचेअर चालवणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीला तिकिटात सवलत मिळाली. पण राइडपाशी जिना, आणि स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची जाईना. "उचलून नेतो ना," कर्मचारी म्हणाले. तिने ठाम नकार दिला. तिच्या अंगाला कोणी हात लावायचा, हे पायऱ्या ठरवणार का?

म्हणे सुरक्षेचा प्रश्न! एखाद्या राइडपुरता तो खराही असेल. पण स्वच्छतागृहात, कॅन्टीनमध्ये कसली सुरक्षा?

१९२७ साली महाडला आपण पाण्याची भीक मागायला गेलो नव्हतो, हक्क बजावायला गेलो होतो. मग इथे उपकार का घ्यायचे? राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रारी करा. आणि आपल्या विहारांच्या पायऱ्याही मोजा. समतेला अपवाद नसतो.

जय भीम!