बालमृत्यूंचा आकडा आणि घरचा अभ्यासक

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील पाड्यांवर वही घेऊन येणारा माणूस नवा नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके दगावली, आणि त्यानंतर डॉक्टर, विद्यार्थी, कार्यकर्ते, पत्रकार यांची इकडे रीघच लागली. प्रत्येकाचा प्रश्न वरकरणी साधा होता: या घरात किती मुले जन्मली आणि किती जगली? त्याचे उत्तर शासनाच्या दप्तराशी जुळेनासे झाले, की अभ्यासकाचा खरा पेच सुरू होतो.

न जुळण्याची कारणे गूढ नाहीत. मूल न्यूमोनियाने किंवा अतिसाराने गेले, की कारण म्हणून तेवढेच लिहिले जाते. त्यामागचे कुपोषण कागदावर येत नाही. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि तेथे झालेला मृत्यू ना गावच्या नोंदीत येतो, ना तिकडच्या. बालमृत्यूंची नोंद फार मोठ्या प्रमाणावर कमी होते, हे राज्य शासनानेच नेमलेल्या डॉ. अभय बंग यांच्या समितीने २००४ मध्ये दाखवून दिले. सरकारला अडचणीचा आकडा सरकारच्याच समितीने मांडावा आणि मांडणाऱ्याच्या केसालाही धक्का लागू नये, हे आपल्याला स्वाभाविक वाटते. सर्वत्र तसे नसते.

टोरोंटो विद्यापीठात संशोधन करणारे अलेक्झांडर सोदिकोव्ह यांना जून २०१४ मध्ये त्यांच्याच मायदेशात, ताजिकिस्तानातील खोरोग येथे, मुलाखतीच्या कामात असताना ताब्यात घेण्यात आले. हेरगिरीचा ठपका होता. महिन्याहून अधिक काळ कोठडीत काढल्यावर त्यांची सुटका झाली आणि सप्टेंबरमध्ये त्यांना देश सोडता आला. चीनमधील उइघुर विदुषी राहिले दावूत यांच्या नशिबी तेवढेही नव्हते. शिंजियांगमधील दर्गे आणि लोकपरंपरा हा त्यांचा विषय. राजकारणाशी त्याचा संबंध जोडायचा तर ओढूनताणूनच. डिसेंबर २०१७ मध्ये त्या बेपत्ता झाल्या आणि त्यांना जन्मठेप झाल्याचे २०२३ मध्ये उजेडात आले.

परदेशी अभ्यासकाला बहुधा विमानात बसवून परत पाठविले जाते. बहुधा म्हणायचे, कारण ज्युलिओ रेजेनी या इटालियन संशोधकाचा २०१६ मध्ये कैरोत छळ करून खून झाला. घरच्या अभ्यासकाला मात्र परतायला दुसरे घरच नसते. त्याचे आईवडील, भावाची नोकरी, गावातील जमीन, सारे त्याच सत्तेच्या आवाक्यात असते.

भारताला या देशांच्या पंक्तीत बसविणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण निश्चिंत राहावे अशीही स्थिती नाही. बस्तरवर संशोधन करणाऱ्या दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. नंदिनी सुंदर यांच्यावर २०१६ मध्ये छत्तीसगढ पोलिसांनी चक्क खुनाचा गुन्हा नोंदविला. त्यातून त्यांचे नाव वगळायला २०१९ साल उजाडले. महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. ते माओवादी संघटनांपुरतेच आहे, असे सरकारचे म्हणणे. ‘बेकायदेशीर कृत्या’ची व्याख्या फार सैल आहे, हा विरोधकांचा आक्षेप. त्यातील गुन्हे अजामीनपात्र आहेत, ही बाब लक्षात घेता हा आक्षेप झटकून टाकता येत नाही.

अभ्यासकाच्या पाठीशी निदान विद्यापीठ असते, वकील असतो, वृत्तपत्रे असतात. त्याला माहिती देणाऱ्या अंगणवाडी सेविकेच्या पाठीशी कोण असते? तिचे काम, तिचे मानधन, तिची नोंदवही हे सारे ज्या यंत्रणेच्या हातात, तिच्याच आकड्याविरुद्ध ती बोललेली असते. संशोधनाच्या शिस्तीप्रमाणे अहवालात तिचे नाव गाळले जाते, गावाचेही बदलले जाते. तीस घरांच्या पाड्यावर अंगणवाडी एकच असते.